चौथा काइकू

हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या आमच्या अपार्टमेंटात मला ‘कॉम्प्युटरवाल्या मेडम’ म्हणतात. या नावापायी माझ्याकडे आजवर चार प्रिंटर, दोन सेट-टॉप बॉक्स आणि एक मिक्सर दुरुस्तीला आला आहे. मिक्सर घेऊन आलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मी म्हटलं, “अहो, माझं काम हे नव्हतं.” त्या म्हणाल्या, “मग काय होतं?” मी सांगायला लागले. दुसऱ्या वाक्याला त्यांनी मिक्सर उचलला आणि तिसऱ्याला लिफ्टचं बटण दाबलं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या हातात मिक्सर नव्हता, त्यामुळे आता तुमची सुटका नाही.

माझं काम वाचण्याचं होतं. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम वाचायचा, चूक दिसली तर सांगायची, नाही दिसली तर खाली ‘रिव्ह्यूड बाय’ लिहून आपलं नाव टाकायचं. ते नाव तिथे कायमचं राहतं. पुढे कधी तो प्रोग्रॅम फसला, तर जगातला कुणीही उठून बघू शकतो की हे वाचून ‘ठीक आहे’ म्हणणारी ही बाई कोण. माणसं घाईत चुकीचं लिहितात, नकळत चुकीचं लिहितात, आणि काही जण पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं लिहितात. या तिसऱ्या प्रकारच्या लोकांनी माझी नोकरी टिकवली. त्यांच्यात एकदा मीही जाऊन बसले, त्याची ही हकीकत आहे.

कॉम्प्युटरच्या पोटात अगदी तळाशी एक प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. तुम्ही पडद्यावर जे काही बघता, नातीचा व्हिडिओ म्हणा किंवा लग्नाचे फोटो म्हणा, त्या प्रत्येकाला मेमरीत जागा लागते. जागेचा कुठला तुकडा कुणाला द्यायचा आणि कधी परत घ्यायचा, हे कर्नलचा एक भाग सांभाळतो. मी तो भाग वाचत असे. हे काम जगभरची माणसं मिळून करतात आणि सगळ्यांच्या समोर करतात. कुणी नवा बदल लिहिला की तो एका सार्वजनिक मेलिंग लिस्टवर पाठवतो. तिथे त्याची चिरफाड होते, ती कुणीही वाचू शकतं आणि ती कधीही पुसली जात नाही. तिथे शहाणपण जितकं टिकतं, तितकाच मूर्खपणाही टिकतो.

आता एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लग्नाचा मांडव घ्या. आत पाहुणे आहेत तोवर डेकोरेशनवाला मांडवाला हात लावत नाही. शेवटचा पाहुणा ‘मी निघालो’ म्हणाला की त्याची माणसं दोऱ्या सोडायला लागतात. मेमरीच्या तुकड्याचंही तसंच. किती जण तो धरून आहेत याची मोजणी असते, आणि शेवटच्यानं सोडला की तुकडा मोडून दुसऱ्याला देतात. आत दोघांनी एकदम गोंधळ घालू नये म्हणून प्रत्येक तुकड्याला कुलूप असतं. आत गेलात की कुलूप लावायचं, काम झालं की काढायचं. मेख एवढीच की हे कुलूप मांडवाच्याच दाराला आहे. तुम्ही कुलूप न काढताच ‘मी निघाले’ म्हणून बसलात, आणि तुम्हीच शेवटच्या असलात, तर मांडव उतरतो. मग तुम्ही कुलूप काढायला वळता तर तिथे दारच नाही. कॉम्प्युटरमध्ये तर त्या जागी एव्हाना दुसऱ्याचं घर उभं असतं आणि तुम्ही किल्ली त्याच्या भिंतीत खुपसता.

हे मला ज्यांनी शिकवलं ते सत्यम गारू; ‘गारू’ म्हणजे तेलुगूतलं आदराचं ‘राव’. ते हैदराबादच्याच चिक्कडपल्लीचे, जन्मापासून तिथलेच. घरात तेलुगू, बाहेर दखनी. आम्ही परभणीकडचे, वडील शिकायला म्हणून हैदराबादला आले ते इथलेच झाले. माझ्या घरात मराठी, बाहेर तीच दखनी. त्यामुळे आमचं सगळं बोलणं दखनीत चाले. ‘नक्को’ हा शब्द त्यांना त्यांचा वाटे, मला आमचा वाटे, आणि आम्ही एकत्र काम केलं त्या अकरा वर्षांत त्याचा निकाल लागला नाही.

जुन्या ऑफिसात आमच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या. मेमरीचा तो भाग सी भाषेत त्यांनी लिहिलेला होता आणि त्यांचं सगळं आधी मी वाचायचे. दुपारी डबे आटपले की ते आपल्या कामाचे छापील कागद घेऊन खुर्ची वळवत. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने चौकोन काढत. चौकोन म्हणजे मेमरीचा तुकडा, बाण म्हणजे तो धरून ठेवणारे. आणि मी विचारायचे, “काइकू?” म्हणजे का बरं. त्यांनी उत्तर दिलं की त्या उत्तरावर पुन्हा “काइकू?” असं तीनदा. तीन उत्तरं नीट उभी राहिली की त्यांना माझं नाव मिळे. पण मला चौथ्यांदा ‘काइकू’ विचारावंसं वाटलं, तर ते मुळीच वाद घालत नसत. कागद गोळा करत, “चौथा काइकू आया बोले तो मेरेकूच समझा नहीं,” म्हणत, आणि सगळं नव्याने लिहून आणत. हा नियम कुणी केला नव्हता. तो आपोआप झाला आणि मग आम्ही दोघांनी तो फार निष्ठेनं पाळला.

ती रोजची वीस मिनिटं होती फक्त. नोकरीत मला पगार मिळाला, मान मिळाला, परदेशातल्या तीन परिषदांचा थंडगार नाश्ताही मिळाला. पण आज कुणी म्हटलं, यातलं काय परत हवं, तर मी ती वीस मिनिटं मागून घेईन.

सत्यम गारूंचा एकच दोष होता. हे सगळं ते तोंडाने सांगत, लिहीत मात्र नसत. त्यांच्या एका भल्यामोठ्या फाइलच्या माथ्यावर सूचना म्हणून एकच शब्द लिहिलेला होता, ‘सांभाळून’. लिस्टवरही तीच गत. कुणाचं काम पटलं नाही की ते इंग्रजीत ‘नो’ लिहीत, फार तर आणखी चार शब्द. ते ‘नो’ आजवर खोटं ठरलं नव्हतं, म्हणून लोक चालवून घेत.

मग रस्ट आली. ही प्रोग्रॅम लिहिण्याची नवी भाषा. सी भाषेत तुम्ही म्हणाल ते मशीन मुकाट्यानं करतं, मांडव उतरला तरी करतं. रस्टमध्ये आपला प्रोग्रॅम आधी कंपायलर तपासतो आणि असली चूक दिसली तर पुढे जाऊच देत नाही, शिवाय का जाऊ देत नाही तेही छापून देतो. पण कर्नल तर सगळा सीमध्ये लिहिलेला. म्हणून जुन्या सी कामावर रस्टचं वेष्टन चढवायचं, त्याला रॅपर म्हणतात. वेष्टनाचं वचन असं की बाहेरून जो ते वापरेल त्याला ठरवूनही ही चूक करता येऊ नये. आता वेष्टनाच्या आत जिथे रस्टचा हात सीला लागतो, तिथे कंपायलर म्हणतो, पलीकडचं मला दिसत नाही, इथली जबाबदारी तुमची. अशा प्रत्येक जागी ‘सेफ्टी’ असा शब्द टाकून पुढे कारण लिहायचं, की हे इथे का चालतं. रिवाजच आहे तसा. कारण नसेल तर काम आत घेत नाहीत.

अकरा वर्षं ‘काइकू’ विचारत आलेल्या बाईला आणखी काय हवं होतं? छप्पन्नाव्या वर्षी मी ही भाषा शिकले. आमच्या गटात एवढ्या वयाचं दुसरं कुणीच शिकलं नाही, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू दिली नाही. मला या वेष्टनांची मुख्य वाचक नेमलं. कारणं वाचून वाचून माझ्याकडे एक संग्रहच झाला. एकानं लिहिलं होतं, ‘सेफ्टी: चालतं, मी बघितलंय.’ एकानं ‘सेफ्टी: वर पाहा’, आणि वर काहीच नाही. एका गृहस्थांनी लिहिलं, ‘सेफ्टी: असा प्रसंग येणारच नाही.’ येणारच नाही म्हणून सांगितलेला प्रसंग माझ्या अनुभवात सोमवारी येतो. ही सगळी कामं मी परत पाठवली, आणि खरं सांगते, पाठवताना मजा यायची.

याच काळात ऋचा आली. पुण्याची, हुशार, कीबोर्डवर बोटं अशी चालायची की माझा चष्मा मागे पडायचा. मराठी बोलताना तिला दर वाक्यात दोन इंग्रजी टेकू लागायचे आणि मराठी वाचायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. तिनं सत्यम गारूंच्या सी कामावर वेष्टन लिहिलं. मेमरीचा तुकडा कुठे कुठे जोडलेला आहे याची एक यादी असते; त्या यादीतून तो सोडवायचा, एवढंच त्याच्या एका भागाचं काम. तिथे तिनं कारण लिहिलं होतं: ‘सेफ्टी: कुलूप लावलेलं आहे, त्यामुळे ही यादी मध्येच कुणी बदलणार नाही.’ मी वाचलं. कारण खरं होतं. सुटसुटीत होतं. मी नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी लिस्टवर सत्यम गारूंची ओळ आली. ‘नो. नॉट अंडर द लॉक.’ म्हणजे, नको, कुलूप लावलेलं असताना नको. बस, एवढंच.

जुनं ऑफिस असतं तर मी नुसती खुर्ची वळवली असती. पण एव्हाना ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतीत गेलं होतं. त्यांचा मजला वेगळा, माझा वेगळा, आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम. फोन करायला काय झालं होतं? काही नाही. मी केला नाही. सत्यम गारू माझे जुने स्नेही हे लिस्टवर सगळ्यांना माहीत होतं. मी मुख्य वाचक झाले होते, आणि ओळखीच्या माणसालाही मी सूट देत नाही हे मला चार देशांतल्या लोकांना दाखवायचं होतं. मी लिहिलं, ‘रस्टच्या बाजूला कारण लेखी लागतं. लेखी कारण नसेल तर हा आक्षेप धरता येणार नाही.’ पाठवल्यावर मी चहा केला. त्या दिवशीचा चहा मला चांगला लागला, हे मुद्दाम सांगते.

त्यांनी उत्तर दिलं नाही. ऋचाचं काम आत गेलं. तीन आठवड्यांनी सत्यम गारू निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी समोशाची बशी घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि उगाच हसून म्हटलं, “क्या सत्यम गारू, जवाब नहीं दिये आप?” ते म्हणाले, “हौ मेडम. मेरेकू लिखना नहीं आता.” आवाजात राग नव्हता. बशीतला एक समोसा त्यांनी घेतला आणि दुसऱ्या कुणाशी बोलायला वळले.

यानंतर बरेच महिने गेले. आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीची मशीनं साड्यांच्या कारखान्यांत होती. पडद्यावर नक्षी काढायची आणि ती मागाला पाठवायची, असं काम. तिथल्या डिझाइनर बाईंचा फोन आला. एरवी गिऱ्हाईक सांगतं, मशीन बंद पडलं. या बाई म्हणाल्या, “मॅडम, माझ्या मोराची मान पदराबाहेर येते.” मला वाटलं त्यांच्या चित्रातच चूक आहे. त्यांनी फोटो पाठवला. खरंच, एका साडीच्या मोराची मान कापून दुसऱ्याच साडीच्या काठात आली होती. चार-पाच नक्ष्या भराभर बंद केल्या की कधीतरी असं होई, आणि मग मशीन थिजे. पुढे त्या बाई मला रोज फोन करून मोराची तब्येत कळवू लागल्या.

ऋचा आणि मी तीन दिवस शोधत होतो. तिसऱ्या दुपारी ऋचानं स्क्रीनवर बोट ठेवलं.

“मॅम, इथे बघा ना. आपण लॉक होल्ड करून तुकडा सोडवतोय. आणि आपणच लास्ट असलो तर? म्हणजे अनलॉक करायच्या आधीच तो फ्री होतो. लॉकसकट!”

मांडव उतरला होता आणि मी किल्ली दुसऱ्याच्या भिंतीत खुपसत होते. तिनं लिहिलेलं कारण खरं होतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. कुलपामुळे यादी सुरक्षित होती. खुद्द कुलूप कशामुळे सुरक्षित आहे, हे कुणी लिहिलंच नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. एकदाही काइकू विचारला नव्हता.

मी जुनी मेल काढली. नॉट अंडर द लॉक. चार शब्दांत सगळं होतं.

ऋचाचा चेहरा पडला होता. “मॅम, सॉरी, माझ्यामुळे...”

“तू लिहिलंस,” मी म्हटलं, “वाचण्याचा पगार मी घेते.”

दुरुस्ती आम्ही दोघींनी मिळून लिहिली. तुकड्यावर आपली एक वेगळी पकड कुलपाआधी घ्यायची, कुलूप काढून झालं की मगच ती सोडायची. शिवाय रस्टमध्ये कुलूप त्या पकडीला असं बांधून टाकलं की उलटा क्रम कुणी लिहिला तर कंपायलरच अडवेल. ते छापून घेऊन मी रविवारी चिक्कडपल्लीला गेले. आमच्या घरापासून हे अंतर ऑटोनं दहा मिनिटांचं, आणि इतके महिने मी ते कापलं नव्हतं.

त्यांच्या पत्नीनं दार उघडलं, “रंडी, रंडी”, म्हणजे तेलुगूत ‘या, या’, म्हणून आत बोलावलं, पाणी दिलं. सत्यम गारू बनियनवर होते, ते शर्ट घालून आले. मी कागद पुढे केले आणि जे बोलायचं ते आधी बोलून टाकलं. “आप सही थे. मैं सबके सामने आपका नो काट दी. मेरी गलती है. माफ करना.” त्यांनी मान हलवली, “छोड़ो मेडम,” म्हणाले आणि पेन्सिल शोधायला लागले.

मग ते वाचत बसले. मी बघत बसले. कागदाच्या पाठीवर त्यांनी चौकोन काढला, बाण काढले, एक बाण खोडला. माझ्या लांबलचक ‘सेफ्टी’वर रेघ मारली.

“ये क्या लिखे? दो बाताँ मिला दिये आप. यादी अलग बात है, कुलूप अलग बात है.”

त्यांनी एकाची दोन कारणं केली. पहिलं, कुलूप लावलंय म्हणून यादी बदलत नाही. दुसरं, आपली पकड कुलपाच्या आधी घेतली आणि नंतर सोडतो, म्हणून खुद्द कुलूप शाबूत राहतं. सगळ्या मिळून पाच ओळी. ज्या माणसाला लिहिता येत नव्हतं त्यानं ते माझ्याहून चांगलं लिहिलं. मग त्यांनी विचारलं, “अब कोई उलटा करा तो मशीन खुद नक्को बोलेगी?”

“हौ. वजह के साथ बोलेगी.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “अच्छा है,” म्हणाले. “तब रहती तो मेरेकू बोलना नहीं पड़ता था.”

मी म्हटलं, यावर तुमचं नाव द्या, रिव्ह्यूड बाय सत्यम असं मला लिहायचंय. ते नाव फक्त स्वतः माणूसच देऊ शकतो, दुसऱ्यानं परस्पर टाकायचं नसतं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. “नक्को मेडम. मैं लिस्ट छोड़ दिया. पढ़ताच नहीं अब.” दारापर्यंत सोडायला आले, चप्पल सापडेपर्यंत उभे राहिले. दुरुस्ती माझ्या आणि ऋचाच्या नावानं आत गेली. मोर बरा झाला, बाईंनी तसं फोन करून कळवलं. त्या पाच ओळी कुणाच्या हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही.

मागच्या वर्षी मीही निवृत्त झाले. लोक म्हणाले, आता आराम करा. आराम मी पहिल्या आठवड्यातच संपवला. कोठीच्या पुस्तकबाजारातून पुस्तकं आणते, अर्ध्यात सोडते. कारण समोर लेखक नसतो आणि मला पान पाचवर काइकू विचारायचा असतो. दुपारी डबा खायची वेळ झाली की अजून माझी पाठ वळते, मागे भिंत असते. अधूनमधून सत्यम गारूंना फोन करायचे, तेलुगूत ‘बरे आहात ना’ विचारायचे. “बागुन्नारा?” “बागुन्नानु मेडम, आप?” “मैं भी.” यापुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. आमच्या दोघांमध्ये कागद नसला की बोलता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. चार वाक्यांवर फोन संपायचा आणि मग मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहायचं, तास-तास.

लिस्ट मात्र मी सोडली नाही. रोज सकाळी पेपराच्या आधी ती उघडते. त्या पाच ओळी जागेवर आहेत ना, हेही महिन्यातून एकदा बघून घेते.

या पावसाळ्यात कुणीतरी साफसफाईचं काम पाठवलं. चांगला मुलगा असावा, भाषा नम्र होती. त्यानं लिहिलं होतं, आता हा क्रम कंपायलरच तपासतो, तेव्हा ही दोन कारणं नकोत, एकच आटोपशीर ओळ पुरे. आणि त्या पाच ओळी त्यानं पुसल्या होत्या. माझं डोकं तडकलं. मी तिथल्या तिथे उत्तर ठोकलं. ‘नो. कीप बोथ.’

संध्याकाळी उत्तर आलं. ऋचाचं. ती आता त्या भागाची मुख्य वाचक आहे. ‘मॅम, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण रस्टच्या बाजूला कारण लेखी लागतं. लेखी कारण नसेल तर हा आक्षेप धरता येणार नाही.’ माझंच वाक्य होतं ते, शब्दन्‌शब्द. तिनं ते टोमणा म्हणून लिहिलं नव्हतं. ती ते माझ्याकडून शिकली होती.

माझे कान तापले. सगळं आयुष्य या कामात घातलं, या पोरीला मी शिकवलं, आणि आता मला जगासमोर कारण मागते? उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं. दोन दिवस दिलं नाही. त्या दोन दिवसांत सत्यम गारूंना ते तीन आठवडे कसे गेले असतील ते मला कळलं. समजुतीनं आधीच कळलं होतं, आता अंगात कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते आणि फोन वाजला. सत्यम गारू. एवढ्या वर्षांत त्यांनी आपणहून केलेला हा पहिला फोन.

“मेडम, वो नो सही है आपका,” ते म्हणाले. “मगर वजह लिखना पड़ता ना.”

मी हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हटलं, “आप तो लिस्ट छोड़ दिये थे.”

“हौ,” ते म्हणाले. “आप लिखे तो पढ़ लेताऊँ.”

म्हणजे इतकी वर्षं ते तिथेच होते. मी सकाळी पेपराच्या आधी लिस्ट उघडायचे तेव्हा चिक्कडपल्लीत तेही उघडत असणार. मला फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं.

“बोलो,” ते म्हणाले. “दो काइकू? एक बस नहीं होता?”

मी गॅसचं बिल ओढलं, पाठीवर चौकोन काढला. म्हटलं, वचनं दोन आहेत. यादीचं एक, कुलपाचं एक. एक मोडलं तरी दुसरं खरं दिसत राहतं, म्हणून वेगळी हवीत.

“टूटेगा काइकू? कंपायलर देख रहा ना?”

म्हटलं, कंपायलर अलीकडचं बघतो. पलीकडे अजून तुमचं सीचं काम आहे. उद्या तिथे कुणी पकड लवकर सोडायचं ठरवलं, तर त्याला अडवायला या ओळींशिवाय कुणी नाही.

“लिखे तो भी कोई पढ़ेगा काइकू?”

हा तिसरा होता. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “क्योंकि एक बार मैं नहीं पढ़ी. एक ही वजह लिखी थी, वो सच थी, मैं समझी दोनों का जवाब है, और नाम डाल दी. जो आदमी नक्को बोला, उसको मैं सबके सामने चुप करा दी. वो आदमी सही था. ये भी लिखूँगी, सत्यम गारू. लिस्ट पे लिखूँगी, आपके नाम के साथ.”

मग मी वाट पाहत राहिले. फोनमधून त्यांच्या घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, आणि कागदावर पेन्सिल चालल्यासारखा आवाज. चौथा काइकू आला नाही. त्यांनी फोनही ठेवला नाही.